कोठीतला अंधार

वऱ्हाडात फोटो 'मोठा करून आणणं' हे बहुतेक वेळा माणूस गेल्यानंतरचं काम असतं. तेरवीच्या आत घरातल्या कुणीतरी अमरावतीला किंवा अकोल्याला जायचं, लग्नाच्या घोळक्यातून गेलेल्याचा चेहरा काढून घ्यायचा आणि हार घालता येईल एवढा करून आणायचा. स्टुडिओवाला शेजारचे व्याही पुसतो, मागे आकाशी पडदा टाकतो, कपाळावरचा चट्टा उडवतो. कुणाची तक्रार नसते. मोठं करण्यात थोडं सुधारणं आम्ही धरूनच चालतो.

मला या 'थोडं सुधारणं'बद्दल लिहायचंय आणि त्यापायी अंजनगाव सुर्जीतल्या आमच्या घरातल्या धान्याच्या कोठीची डार्करूम कशी झाली त्याबद्दल. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. पुण्याच्या एका कंपनीचं काम गेली काही वर्षं इथूनच करते. फोटोग्राफीची आवड कॉलेजपासूनची, पण ती कॅमेऱ्यापुरती. फोटो 'धुण्या'पर्यंत मला मोठ्या आईनं नेलं.

मोठी आई म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिची आई ती तीन वर्षांची असताना गेली. त्या आईचा एकच फोटो आहे, मूळ काचेएवढाच, म्हणजे पोस्टकार्डापेक्षा जरा मोठा. नऊवारीतली तरुण बाई खुर्चीत बसलेली, मांडीवर दोनेक वर्षांची मुलगी. ती मुलगी म्हणजे मोठी आई. खालचा कोपरा वाळवीनं खाल्लाय. बाईचा चेहरा रुपयाच्या नाण्याएवढा. मुलीनं फोटो काढताना मान हलवली असणार, कारण तिच्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढुरका फराटा आहे.

माझ्या चुलतभावानं हौसेनं हा फोटो मोबाइलवरच्या एका ॲपमधून काढला, मोठा करून फ्रेम केला आणि तिच्या वाढदिवसाला दिला. चित्र देखणं होतं. बाईच्या पापण्या मोजता येत होत्या. मांडीवरच्या मुलीला फराट्याच्या जागी दोन टपोरे डोळे आणि जिवणी आली होती. मोठी आई बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे माही माय नाई. आन् हे पोट्टी कोनाची?"

भावाला वाटलं ती उगाच कुरकुर करतेय. मला ते ऐकून गप्प व्हायला झालं, कारण आत काय झालंय ते मला ठाऊक होतं. अशी प्रणाली असंख्य चेहरे पाहून शिकलेली असते. धूसर ठिपके दिसले की अशा ठिपक्यांच्या जागी बहुधा काय असतं ते ती भरते. हे 'बहुधा' बऱ्याच कामांना चालतं. पण मोठ्या आईला आईचा चेहरा आठवतच नाही. तिच्यापाशी आई म्हणून जे काही आहे ते त्या नाण्याएवढ्या जागेत आहे. तिथे 'बहुधा आई' बसवली तर मूळ कशाशी ताडून पाहायचं?

फोटोच्या कोपऱ्यात एक बारीक आकडा होता. जुने स्टुडिओवाले निगेटिव्हच्या कडेला सुईनं नंबर कोरायचे, तो फोटोत उमटायचा. गावातला तो स्टुडिओ केव्हाच बंद झालाय. मालकांच्या मुलाकडे माळ्यावर दोन लाकडी खोकी होती आणि त्यांत दीडशेच्यावर काचा, प्रत्येक जुन्या वहीच्या कागदात गुंडाळलेली. बऱ्याच गावांतल्या अशा काचा खरवडून फोटोफ्रेमला वापरल्या गेल्या. या वाचल्या त्या केवळ कुणी माळा आवरला नाही म्हणून. आमचा नंबर दुसऱ्या खोक्यात सापडला. हाफ प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांची काच, एका बाजूला चांदीचा थर. कोपरा शाबूत होता. काकांनी काचेबरोबर स्टुडिओचा सागवानी कॅमेराही दिला. म्हणाले, "बाबांपाशी हा एकच होता. ने. इथं उंदरं भाता खातीन."

काच मी आधी स्कॅनच केली. ते लवकर होतं, आणि काच फुटली तरी फाइल राहते. त्यातून चांगल्या प्रिंटरवर उत्तम प्रिंट निघाली असती. ती फाइल मी लॅपटॉपवर मोठ्या आईला दाखवली, चेहऱ्यावर झूम केलं. तिनं विचारलं, "ह्याच्यात त्यानं काई टाकलं नाई कायवरून?" मी म्हटलं नाही. पण ते सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं. तिच्या दृष्टीनं तो पडदा आणि हा पडदा एकच. एका पडद्यानं तिला अनोळखी बाई आई म्हणून दाखवली होती. मी रोज ज्या यंत्रावर काम करते त्याच्या वतीनं मला तिला फक्त शब्द देता येत होता, आत काय चाललंय ते दाखवता येत नव्हतं. जे डोळ्यांदेखत मोठं होईल असंच काहीतरी हवं होतं. म्हणून एन्लार्जर.

एन्लार्जर म्हणजे उलटा वापरलेला कॅमेरा. कॅमेऱ्यात बाहेरचा प्रकाश भिंगातून आत काचेवर येतो. एन्लार्जरमध्ये काचेमागे दिवा लावला की प्रकाश काचेतून, भिंगातून बाहेर भिंतीवर जातो. १८५७ साली अमेरिकेत डेव्हिड वुडवर्ड यांनी पेटंट घेतलेला 'सोलर कॅमेरा' याच तत्त्वावर होता. दिवा म्हणून त्यात आरशानं पकडलेलं ऊन वापरायचे. ३५ मिलिमीटर फिल्मचे एन्लार्जर अजूनही जुन्या बाजारात मिळतात, हाफ प्लेटचे जवळजवळ नाहीत. पण हाफ प्लेटचा कॅमेरा घरात होता. मागची घासलेली काच काढून तिथे निगेटिव्ह बसवायची एवढंच. असे कॅमेरे आपल्याकडेही बनत. केरळात अलेप्पीला के. करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात 'वागीश्वरी' नावाचे सागवानी कॅमेरे बनवायला सुरुवात केली आणि ते देशभरच्या स्टुडिओंत गेले. आमच्या कॅमेऱ्यावर कुणाचं नाव उरलेलं नाही. त्याच्या भात्याला चारपाच भोकं होती. ती भजनी मंडळाच्या पेट्या दुरुस्त करणाऱ्या बुवांनी पातळ चामडं लावून बुजवली. भाता तो भाताच, म्हणाले, याच्यातून हवा जात नाही, उजेड जातो, एवढाच फरक.

मोठ्या निगेटिव्हचा फायदा साध्या भागाकारात आहे. सोळा बाय वीस इंचांचा फोटो हवा असेल तर ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह सुमारे सतरा पट ताणावी लागते. हाफ प्लेट साडेतीन पटसुद्धा नाही. म्हणून दाणा फुटत नाही. माझं भिंग २१० मिलिमीटरचं. ३.३ पट मोठं करायला काचेपासून भिंग सुमारे २७ सेंटिमीटरवर आणि भिंगापासून कागद ९० सेंटिमीटरवर येतो. सगळं मिळून चार फूट. कोठी आठ बाय दहाची. कॅमेरा एका जड लाकडी बाकावर आडवा, समोरच्या भिंतीला लोखंडी पत्रा, त्यावर चुंबकांनी धरलेला कागद. काच, भिंग आणि कागद तंतोतंत समांतर हवेत, नाहीतर एक कान स्पष्ट आणि दुसरा धूसर येतो. त्यासाठी भिंतीवर पडलेल्या चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजत बसायचं आणि बाकाच्या पायाखाली पुठ्ठे सारायचे.

कोठी निवडली कारण तिला खिडकी नाही. आमचं जुनं धाब्याचं घर, मातीच्या जाड भिंती, आणि कोठीला वर एक झरोका. कुणालाही वाटेल हा अंधारच आहे. दुपारी दार लावून दहा मिनिटं आत बसलं की डोळे सरावतात आणि कळतं की अंधार अजून करायचाय. दाराच्या फटीतून उजेड, खिळ्याच्या भोकातून उजेड, धाब्याच्या कडेला कधी काळी मुंग्यांनी केलेल्या वाटेतून उजेड. प्रत्येकाला खडूनं खूण केली. झरोक्याला आणि दाराला कृषी केंद्रातून आणलेला शेतात अंथरायचा मल्चिंग पेपर लावला, काळी बाजू आत, दोन पदरी, कारण एका पदराला सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. मग लाल दिवा. ब्रोमाइड कागदाला लाल रंग दिसत नाही, पण बाजारातला प्रत्येक लाल दिवा शुद्ध लाल नसतो. कागदाला आधी किंचित उजेड दाखवून त्यावर नाणं ठेवायचं, लाल दिव्याखाली दहा मिनिटं सोडायचा आणि मग धुवायचा. नाण्याचं गोल उमटलं तर दिवा बाद. तिसऱ्या दिव्याला गोल उमटलं नाही.

काचेमागच्या दिव्याचं काम माझ्या शिक्षणाजवळचं होतं. साधा बल्ब वापरायचा तर अडचण विजेची. आमच्याकडे रात्रीच्या पाळीला शेतीपंपांची लाइन आली, संत्र्याच्या, केळीच्या बागांतल्या मोटारी सुरू झाल्या, की घरातलं व्होल्टेज खाली येतं. व्होल्टेज दहा टक्के उतरलं तर साध्या बल्बचा प्रकाश सुमारे तीस टक्के उतरतो. टीव्ही पाहताना ते जाणवत नाही, चाळीस सेकंदांच्या एक्स्पोजरला तो निकाल बदलतो. म्हणून एलईडी आणि त्यांना ठरावीक करंट देणारा ड्रायव्हर, इन्व्हर्टरवर. हिरवे आणि निळे असे दोन प्रकारचे एलईडी, पुढे दुधी ॲक्रिलिक. मल्टिग्रेड कागदाला हिरवा प्रकाश दिला तर चित्र मऊ येतं, निळा दिला तर कडक. कुठला किती सेकंद ते एका छोट्या आर्डुइनो सर्किटवर ठरवता येतं. जुन्या काचा काँटॅक्ट प्रिंटसाठी गडद धुतलेल्या असल्यानं आमचं बहुतेक काम हिरव्यावरच झालं.

मग पाणी. विलायती पुस्तकं 'पाणी' एवढंच लिहून पुढे जातात. आमचं गाव खारपाणपट्ट्याच्या उत्तर काठाला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरलाय. इथून दर्यापूरकडे खाली जावं तसं जमिनीतलं पाणी खारट होत जातं. नळाला शहानूर धरणाचं गोडं पाणी येतं, पण ते ठरल्या वेळीच. आमच्या बोअरचं पाणी जड, जरासं खारट. डेव्हलपर मी डी-७२ या जुन्या नुस्ख्यानं घरीच कालवते. एका लिटरला मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५, हायड्रोक्विनोन १२, सोडियम कार्बोनेट ८०, पोटॅशियम ब्रोमाइड २, आणि वापरताना दुप्पट पाणी. बोअरच्या पाण्यात हे कालवलं तर त्यातल्या कॅल्शियमचा पांढरा गाळ बसतो, म्हणून डेव्हलपरला डिस्टिल्ड पाणी.

शेवटच्या धुण्याची मात्र गंमत आहे. फोटोतला हायपो धुऊन निघाला नाही तर काही वर्षांत फोटो पिवळा पडतो, आणि जाड कागदाला तासभर वाहतं पाणी लागतं. एवढं गोडं पाणी आमच्याकडे ओतवत नाही. पण हायपो गोड्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यात लवकर सुटतो. समुद्राच्या पाण्यात फोटो धुणाऱ्यांना हे आढळलं होतं, आणि आज डार्करूममध्ये वापरतात ते सल्फाइटचं 'हायपो क्लिअरिंग' द्रावण त्याच माहितीवर उभं आहे. अट एकच, शेवटी गोड्या पाण्यातून काढायचं, कारण मागे राहिलेलं मीठ चांदीला खातं. म्हणजे आधी बोअर, मग शहानूर. ज्या पाण्याला आम्ही जन्मभर नावं ठेवली ते एका कामाला तरी जरासं उजवं निघालं.

तापमानाचं तसंच. पुस्तकं २० अंश सांगतात. इथे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, बोअरचं पाणी हाताला कोमट लागतं. जुने स्टुडिओवाले माठातलं पाणी वापरायचे आणि हायपोत तुरटी घालायचे, म्हणजे जिलेटिनचा थर मऊ पडून सुटत नसे. जानेवारीच्या रात्री उलटं, हायड्रोक्विनोन १३ अंशांखाली जवळजवळ कामच करत नाही, म्हणून ट्रेखाली गरम पाण्याची परात. ट्रे मी प्लायच्या चौकटीत जाड ताडपत्री बसवून केले. वापरलेल्या हायपोत चांदी असते. तो न्हाणीत न ओतता कॅनमध्ये साठवते.

घरात डार्करूम म्हटलं की आमच्या घरच्यांना तो माझा पुणेरी नाद वाटतो. पण मराठी घराला हे नवं नाही. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. तेव्हा दादरच्या घरी कच्च्या फिल्मला भोकं पाडणं, रसायनं कालवणं आणि फिल्म धुणं ही कामं सरस्वतीबाई शिकल्या आणि करू लागल्या, घरातलं बाकी सगळं सांभाळून. ३ मे १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला त्याआधी तो एका घरातल्या अंधारात धुतला गेला होता. आईला हे सांगितल्यावर तिनं तुरीची पोती हलवायला परवानगी दिली.

जानेवारीतल्या एका रात्री मोठ्या आईला कोठीत आणलं. रात्र निवडली कारण मागच्या रस्त्यानं ट्रॅक्टर गेला तरी बाक थरथरतो. तिला स्टुलावर बसवून काच हातात दिली, दिव्यासमोर धरायला लावली. मग तिच्यासमोर ती कॅमेऱ्यात घातली.

कागद लावायच्या आधी तिला एक गोष्ट दाखवायची होती. प्रकाश ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं उलटा जाऊ शकतो. काच त्या वेळी भिंगापासून जेवढी दूर होती तेवढीच ठेवली, तर बाई जिथे बसली होती तिथेच, आणि होती तेवढीच, चित्र पडलं पाहिजे. काचेवरच्या चेहऱ्याच्या मापावरून ते अंतर सातेक फूट निघत होतं. बाक मागे ओढला, भाता आवळला, भिंतीवर धोतर टांगलं आणि कोठीतला दिवा घालवला. पूर्ण मापाची बाई खुर्चीत बसलेली दिसली. निगेटिव्हच ती, म्हणून केस पांढरे आणि चेहरा काळा. मोठी आई उठली आणि धोतराजवळ जाऊन उभी राहिली. तिची सावली पडली आणि आईचा खांदा दिसेनासा झाला. बाजूला सरकली, खांदा परत आला. असं तिनं दोनतीनदा केलं. मग म्हणाली, "बारीक होती. माह्या खांद्याले लागते."

नंतर बाक पुढे घेतला, कागद लावला, एफ १६ ला ३८ सेकंद. कागद डेव्हलपरमध्ये सोडला. आधी केस आले, मग नऊवारीचा काठ, मग डोळे. मुलीच्या जागी फराटा आला तसाच्या तसा, फक्त मोठा. मोठी आई हसली. "हे मी. मी आताई बसत नाई एका जागी."

सकाळी उजेडात वाळलेला फोटो पाहिला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आईच्या दोन्ही गालांवर आणि कपाळावर बारीक बारीक रेघांचं जाळं होतं. भिंगाखाली काच तिरपी धरून पाहिली. त्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. स्टुडिओवाले निगेटिव्हवर पातळ वॉर्निश चढवून टोकदार पेन्सिलीनं चेहऱ्यावरचे डाग भरत, त्याला रिटचिंग म्हणत. काचेएवढ्या फोटोत ते कळत नसे. ३.३ पटीत कळतं. आणि रेघा जिथे पुरल्या नव्हत्या तिथे खळगे दिसत होते. देवीचे वण.

म्हणजे त्या स्टुडिओनंही 'थोडं सुधारलं' होतं. मला वाटत होतं, मी मोठ्या आईला खरा चेहरा देतेय. प्रत्यक्षात तिच्या आयुष्यभराच्या त्या नाण्याएवढ्या चेहऱ्यावरही कुणाचा तरी हात फिरलेला होता. फरक एवढाच की तो हात शोधता येतो. प्रत्येक रेघ तिथे आहे, कुठे सुरू झाली आणि कुठे संपली तेही. खालची काच तिनं पुसलेली नाही.

हे सांगावं की नाही यावर मी दोन दिवस घालवले. वॉर्निश टर्पेंटाइननं पुसलं की पेन्सिल निघून जाते आणि वणांचा चेहरा उरतो. ते एकदाच करता येतं, परत भरता येत नाही. शेवटी फोटो आणि भिंग घेऊन तिच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. तिला आईला देवी आल्याचं माहीत नव्हतं. सांगणारं कुणी उरलंच नव्हतं. तिनं एकेका खळग्यावर बोट ठेवलं. मी विचारलं, "मोठी आई, पेन्सिल काढू का?"

"कायले काढतं? तिनंच म्हटलं असन त्याले, बाबू, गाल चांगले कर म्हून. तिचं तिले राहू दे."

पेन्सिल तशीच आहे. फोटो तिनं देवघराच्या भिंतीला लावलाय, हार घालत नाही. चुलतभावानं दिलेली फ्रेम फेकली नाही, त्यात आता नातवाचा शाळेचा फोटो आहे.

मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत कोठी पुन्हा धान्याची. उरलेल्या काचांची मी या उन्हाळ्यात नंबरवार यादी करतेय. काही कागदांवर नावं आहेत, बहुतेकांवर फक्त आकडे. कोण कुणाचं ते काचेवरून कळायला मार्ग नाही, ते ज्यांच्या घरी फोटो आहे त्यांनाच कळेल. तेव्हा तुमच्या घरी असा जुना, हाताच्या पंजाएवढा, जाड कागदाचा फोटो असेल तर फ्रेममधून काढून त्याच्या कडेला पाहा. फ्रेमच्या पट्टीखाली बहुधा लपलेला असतो. सुईनं कोरलेला, खाजवल्यासारखा दिसणारा एक आकडा. तो आकडा लिहून ठेवा. त्याची काच तुमच्याही गावातल्या कुणाच्या तरी माळ्यावर असू शकते.